कुसुमताईंचं डच

आमच्या नालवाडीत डच भाषा बोलणारी एकच बाई होती, आणि ती माझ्या कुंपणाला लागून राहायची. कुसुमताई. आता त्यांचं घर बंद असतं, अंगणातल्या जास्वंदीला मी माझ्याकडूनच पाइपनं पाणी घालते. परवा पाणी घालताना तोंडातून सहज निघून गेलं, "खूदमोर्खन!" आणि माझं मलाच हसू आलं. डचमधलं हे शुभ सकाळ. मी अल्लीपूरच्या शाळेत सातवीपर्यंत शिकलेली, पुढचं जे काय शिकले ते वाचनालयाच्या पुस्तकांतून. मला हॉलंड कुठे आहे हे नकाशात दाखवा म्हटलं तर माझं बोट कुठे पडेल सांगता येत नाही. पण ताईंच्या शेजारामुळं त्या देशाची थोडी भाषा माझ्या जिभेला लागली आहे, आणि ती काही जात नाही.

ताईंनी सगळी नोकरी हिंगणघाटच्या टेलिफोन एक्सचेंजमध्ये केली. आताच्या पोरांना सांगावं लागतं, की पूर्वी परगावी फोन लावायचा म्हणजे आधी एक्सचेंजच्या बाईला नंबर सांगायचा, मग ती जोडून द्यायची. कापसाचे व्यापारी, जिनिंगवाले, लेकीच्या सासरी भीतभीत फोन करणारे बाप, सगळ्यांचे आवाज ताईंच्या कानावरून गेलेले. त्यामुळं त्यांची ऐकायची एक लकबच झाली होती. आपण बोलायला लागलो की त्या डोळे मिटायच्या, उजवा तळहात थोडा वर धरायच्या आणि आपलं सगळं संपेपर्यंत हूं की चूं करायच्या नाहीत. नवीन माणसाला वाटायचं, ह्या झोपल्या. मग डोळे उघडून असं काही विचारायच्या की आपण सांगताना काय गाळलं ते आपल्यालाच कळावं.

भिशीच्या दिवशी बायका त्यांना छेडायच्या, "ताई, नोकरीत काय काय ऐकलं असन तुमी!"

"मी लाईन साफ आहे का थे ऐकत होती वो, गोठी नाई." मग जरा थांबून, "आता हिंगणघाटच्या एका शेटजीची बायको त्याले फोनवर काय म्हणे, थे सांगू काय?"

आम्ही खुर्च्या पुढं ओढायचो. आणि ताई चहाचा कप तोंडाला लावून हसत बसायच्या. त्या शेटाणीचं बोलणं आजपर्यंत कोणालाही कळलेलं नाही.

त्यांची एकुलती एक लेक अंजू. इंजिनिअर झाली, पुण्याला गेली, तिथून हॉलंडला गेली आणि तिथं यान नावाच्या मुलाशी तिचं जुळलं. आमच्याकडं लोक जे बोलायचं ते बोललेच. ताईंचे यजमान तोवर वारले होते, त्यामुळं सगळ्यांना उत्तरं ह्यांनाच द्यायची. त्यांचं उत्तर ठरलेलं होतं. "पोरगा उंच आहे, कांदे चिरते, आन् आपल्या पोट्टीचं ऐकते. अजून काय पायजे?"

लग्न तिकडंच झालं. ताई एकट्या जाऊन आल्या. आणि आल्या त्या एक राग घेऊन, तो राग त्यांच्याकडून ऐकण्यात मोठी मजा होती. झालं असं, की जेवणाच्या टेबलावर दोन्ही विहिणी शेजारी बसल्या होत्या. यानची आई, आनेके, खेड्यातली बाई, नवरा नाही, घरी गाई. तिला इंग्रजी येत नाही, ताईंना डच येत नाही. तिनं ताईंचा हात हातात घेतला आणि बोलायला लागली. बोलता बोलता डोळे भरले, मध्येच हसली, छातीवर हात ठेवला, पुन्हा बोलली. तिचं संपल्यावर ताईंनी जावयाकडं पाहिलं. जावई इंग्रजीत म्हणाला, "आई म्हणते, तिला आनंद झाला."

"बस? एवढंच?" ताई कपाळावर हात मारायच्या. "अवो, थे बाई एवढी बोल्ली! तिचा नवरा असन त्याच्यात, तिच्या गाई असन, काय काय असन! आन् ह्या पठ्ठ्यानं एका ओळीत आटपलं. सारं मधातच गायब! एक्सचेंजमंधे म्या असं केलं असतं तं लोकं दगडं घेऊन आले असते."

विहिणीशी आपल्या तोंडानं बोलल्याशिवाय सोयरीक कसली, असं त्यांचं म्हणणं. आठवड्याच्या आत मोबाईलवर डच शिकणं सुरू झालं. मोबाईलवरचे धडे मराठीतून नव्हते, इंग्रजीतून डच असे होते. ताईंना त्याचं काही वाटलं नाही. स्वयंपाकघरातल्या डब्यांवर चिठ्ठ्या लागल्या. सकाळी फाटकाशी उभ्या राहून त्या येणाऱ्याजाणाऱ्याला "खूदमोर्खन" घालायच्या. त्यातला 'ख' घशाच्या पार तळातून काढायचा असतो म्हणे. दूधवाल्यानं आठवडाभर ऐकून घेतलं आणि मग काळजीनं म्हणाला, "ताई, खोकला काई उतरून नाई राह्यला तुमचा. सुंठ घेऊन पाहा."

खरं काम पुढं आलं. घरच्यांचा मोबाईलवर एक ग्रुप होता, त्यात ताई, अंजू, यान आणि आनेके. अंजू आणि यान आपसात इंग्रजी बोलायचे, ग्रुपवरही इंग्रजीच लिहायचे, आणि ते पुस्तकातलं इंग्रजी नव्हतं, मित्रमैत्रिणींचं, लाडाकोडाचं. आनेकेबाई ते मोबाईलकडूनच डचमध्ये करून घ्यायच्या. एकदा अंजूनं लिहिलं, ऑफिसात इतकं काम आहे, 'आय ॲम ड्राउनिंग'. मोबाईलनं सासूला सांगितलं, सून बुडून राहिली आहे. आता तो देश म्हणजे जिकडं पाहावं तिकडं पाणी, घराघरापुढं कालवा. त्या बाईनं लेकाला फोन लावून त्याला अर्धमेला केला.

त्या दिवशी ताईंनी जाहीर केलं, की इथून पुढं अंजूचं इंग्रजी आनेकेला मी डचमध्ये करून पाठवीन. आणि पाठवायला लागल्या. त्यांची रीत अशी, की इंग्रजी बोलणं आधी वऱ्हाडीत आणायचं, ते नीट बसलं की मग डचमध्ये न्यायचं. मधल्या मुक्कामासाठी त्यांना मी लागायचे. कुंपणावरून हाक यायची.

"शांता! अंजी लिहिते, पीस ऑफ केक. म्हंजे लय सोपं काम. आपण काय म्हणतो?"

"हातचा मळ."

"हाव, बरोबर." मग दोन दिवस काही नाही. तिसऱ्या दिवशी माझे हात पिठात असताना पुन्हा हाक. "सापडलं! थे लोकं म्हणतात, सफरचंद-अंडं!"

"म्हंजे काय, ताई?"

"म्हंजे काईच नाई. आपला मळ तरी कोणता मोठा समजदार आहे?"

कधी डचमधलं एखादं त्यांना इतकं आवडायचं की ते उलट्या वाटेनं नालवाडीत यायचं. कोणाच्या मनातली खरी गोष्ट शेवटी उघडी पडली, की डच लोक म्हणतात, बाहीतून माकड बाहेर आलं. एकदा भिशीत एक बाई तासभर माझ्या लोणच्याची तारीफ करत होती आणि शेवटी तिनं माझी शिलाई मशीन मागितली. ताई कोपऱ्यातून म्हणाल्या, "आलं बाप्पा बाहीतून माकड!" आता आमच्या भागातल्या अर्ध्या बायका असं म्हणतात, आणि हे वऱ्हाडीच आहे असं समजतात.

हं, तर आनेकेबाई नालवाडीत आल्या ते सांगायचं राहिलं. ताईंना डच जरा येऊ लागलं तेव्हा फोन ठेवताना त्या आपल्या रिवाजानं म्हणाल्या, "या ना कधी आमच्याकडं." पलीकडून त्या बाईनं कागद फडफडवल्याचा आवाज आला आणि तिनं विचारलं, "कोणत्या तारखेला?" ताईंनी मोबाईल छातीशी धरून माझ्याकडं पाहिलं. मी म्हटलं, पाहता काय, सांगा तारीख. आणि संक्रांतीच्या सुमाराला ती खरंच आली, उंच, पांढऱ्या कापलेल्या केसांची, पायात जाड बूट. ताईंसाठी तिनं वाढदिवस लिहायचं एक सुंदर कॅलेंडर आणलं होतं, फुलाफुलांचं. ताईंनी ते मानानं देवघराजवळ टांगलं. ते पाहून ती इतकी हसली की तिला खाली बसावं लागलं. तिकडं म्हणे हे कॅलेंडर संडासात टांगतात, बसल्याबसल्या कोणाचा वाढदिवस विसरू नये म्हणून. ताईंनी क्षणभर विचार केला आणि म्हणाल्या, "राहू दे. देवालेही समजन कोणाचा वाढदिवस कधी आहे थे."

सगळं हसतखेळत चाललं होतं, ते जेवणाशी येऊन अडलं. ताईंनी पाटवडीचा रस्सा केला होता, भरीत, भाकरी. बाईनं पहिलं ताट मन लावून खाल्लं. मग ताई वाढायला गेल्या तर म्हणाली, "नेए." म्हणजे नको. आता आपण पाहुण्याचा पहिला नको धरतो का? ताईंनी वाढलं. तिनं कसंबसं संपवलं. ताई पुन्हा आल्या. "नेए, नेए." पुन्हा वाढलं. तिसऱ्या वेळेला तिनं दोन्ही तळहात ताटावर आडवे धरले, तर ताईंनी बोटांच्या फटीतून भाकरीचा तुकडा आत सरकवला. बाई उठली आणि सरळ बाहेर ओट्यावर जाऊन उभी राहिली. मी रश्श्याचं भांडं धरून तशीच.

ताई मागोमाग गेल्या. थोड्या वेळानं आत आल्या त्या चेहरा उतरून. म्हणाल्या, "शांता, थे म्हणते, मी नाई म्हणते अन् तू ऐकतच नाईस, मी काय लहान लेकरू आहे काय."

"आता! आपण तं मानानंच वाढून राह्यलो होतो."

"हाव. पण तिचा एकच नको असते. आन् तो खरा असते."

"मग भूक असली तं?"

"तं हो म्हणते."

"बाप्पा! सरळ हो म्हणते?" मला खरंच नवल वाटलं होतं.

त्या दिवसानंतर ताईंनी तिला एकदाच विचारायची सवय लावून घेतली. सोपं नव्हतं. वाढताना त्यांचा हात आपोआप पुढं जायचा आणि त्या तो दुसऱ्या हातानं धरायच्या. ती परत जाताना दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या, आणि त्या रडण्याला कोणाच्या भाषांतराची गरज पडली नाही.

पुढच्या वर्षी अंजूला दिवस गेले. आमच्याकडं पहिलं बाळंतपण माहेरी. पण ती यायला नोकरी आडवी, आणि ताईंनी तिकडं जावं तर त्यांच्या गुडघ्याचं ऑपरेशन नुकतंच झालेलं, डॉक्टरांनी लांबच्या प्रवासाला नाही म्हटलेलं. तिकडं बाळंतिणीला लगेच घरी पाठवतात, आठवडाभर एक नर्स दिवसा येऊन जाते. ताईंच्या जिवाला घोर लागला. घरातलं असं बाईमाणूस कोण? एकच होतं, सासू. आणि तिनं आपणहून ग्रुपवर विचारलंही, मी येऊन राहू का काही दिवस? ताईंनी ते वाचून मला कुंपणापाशी बोलावून दाखवलं, आणि त्या रात्री मला वाटतं खूप दिवसांनी नीट झोपल्या.

अंजूनं उत्तर लिहिलं इंग्रजीत, 'ओह, डोन्ट पुट युअरसेल्फ आउट, वी विल मॅनेज!' पुढं हसरे चेहरे. ताईंनी नेहमीच्या तत्परतेनं ते डचमध्ये केलं, तुम्ही त्रास घेऊ नका, आमचं आम्ही पाहू, आणि पाठवून दिलं. आनेकेबाईंचं उत्तर आलं, "खूद." म्हणजे बरं. आणि चार दिवसांनी फोटो आला, त्या बहिणीसोबत सहलीला निघायची तयारी करत आहेत, पलंगावर उघडी बॅग.

अंजूचा फोन आला तेव्हा मी ताईंकडेच होते, तिला पाठवायचे डिंकाचे लाडू डब्यात भरत होते. पोरीचा आवाज रडका.

"आई, तिनं एकदा विचारलं. एकदाच! मी म्हटलं कशाला त्रास घेता, तर म्हणे बरं. आणि चालली फिरायला."

"अवो माय, मग तू नको काऊन म्हटलं?"

"मग काय लगेच हो म्हणायचं? या आणि माझं करा, असं म्हणायचं? कसं दिसतं ते! मला वाटलं पुन्हा म्हणेल. तिला यायचंच नव्हतं, आई. तिला मी कधी आपली वाटलेच नाही."

फोन झाल्यावर ताईंनी लाडवांचा डबा बाजूला सरकवला. मग म्हणाल्या, "शांता, हे म्या केलं."

"तुमी काय केलं? पोरीनं लिहिलं थेच पाठवलं ना."

"वाक्य इंग्रजी होतं, म्हून म्या इंग्रजी समजून पाठवलं. नको मातर आपल्याकडचा होता. माझ्या पोट्टीचा नको मलेच नाई ओळखू आला."

त्यांना नुसती बाळंतपणाची काळजी नव्हती. बाळंतपणात धरलेली अढी बाई मरेपर्यंत सोडत नाही, हे आम्हा दोघींनाही ठाऊक होतं. सासू-सुनांमध्ये तिकडं आता एक भिंत उभी राहत होती आणि बाळ त्या भिंतीच्या अलीकडं येणार होतं.

त्यांनी विहिणीला फोन लावला. मी उठायला लागले तर हातानं बस म्हणाल्या. बोलणं मला कळत नव्हतं, ते नंतर त्यांनी सांगितलं, पण आनेकेबाईंचा चेहरा मोबाईलवर दिसत होता, ओठ आवळलेले. त्या म्हणत होत्या, मी विचारलं, ती नाही म्हणाली. तिला मी यायला हवी होते तर ती खोटं का बोलली? ताई समजावत होत्या, आणि त्यांचं डच जसजसं कमी पडत होतं तसतसा त्यांचा आवाज वाढत होता. शेवटी त्यांनी मोबाईल माझ्या हातात दिला. तो दुखरा गुडघा धरून उठल्या, स्वयंपाकघरात गेल्या आणि जेवायचं ताट घेऊन आल्या. वर सकाळची अर्धी भाकर.

ते ताट त्यांनी मोबाईलपुढं मांडलं. एक तळहात ताटावर आडवा ठेवला आणि दुसऱ्या हातानं भाकर आत सरकवली. म्हणाल्या, आठवते? तू हात आडवा धरला तरी मी वाढलं, तुला राग आला. तुझं बरोबर होतं. पण माझी अंजी अशाच ताटावर जेवून मोठी झाली. तिनं तुझ्यापुढं हात आडवा धरला, आणि तू भांडं उचलून निघून गेलीस. माझी पोर तिथं उपाशी बसली आहे.

मग त्या बाईनं चष्मा काढून पुसला, आणि एकच प्रश्न विचारला. तो ऐकून ताईंना हसू फुटलं, आणि हसताहसता रडू.

"काय म्हणते?" मी विचारलं.

"म्हणते, कितीदा विचारा लागते?"

ताईंनी तिला सांगितलं, तीनदा. पहिला नको रिवाजाचा, दुसरा लाजेचा, तिसऱ्यांदा नको म्हटलं तर तो खरा धर. आनेकेबाईंनी पेन शोधून ते लिहून घेतलं. मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

आम्ही चहा ठेवला तोवर ताईंचा मोबाईल वाजला. ग्रुपवर आनेकेबाईंचा निरोप होता, मी येऊ का? आम्ही वाचतो न वाचतो तोच पुन्हा वाजला. मी येऊ का? आणि लगेच पुन्हा. मी येऊ का? अंजूला मध्ये नको म्हणायला त्या बाईनं श्वासाचीही फुरसत दिली नव्हती. ताई ओरडल्या, "अवो, थांबा लागते मधात! एवढं नाई सांगितलं मी तिले!" तेवढ्यात अंजूचाच फोन. हसत होती की रडत होती ते सांगता येत नाही. "आई, ही काय वेडी झाली का?"

"हो म्हण," ताई म्हणाल्या. "बह्याडे, आता तरी हो म्हण."

तिनं हो म्हटलं. आनेकेबाईंनी सहल बहिणीच्या गळ्यात टाकली आणि बटाट्यांची एक पिशवी घेऊन लेकाच्या घरी गेल्या. मुलगी झाली. राहायला काही दिवस गेल्या होत्या, राहिल्या दीड महिना. अंजू मला फोनवर म्हणाली होती, "मावशी, आता त्या मला जेवताना तीनदा वाढतात. माझं वजन पाहा."

ताई त्यानंतरच्या उन्हाळ्यात गेल्या. झोपेतच, कोणाला त्रास न देता. नातीला त्यांनी मांडीवर घेतलं होतं, अंजू तिला घेऊन दिवाळीला आली होती, तेव्हा ते राहून गेलं असं काही नाही.

मला मात्र त्या आठवतात त्या त्याआधीच्या थंडीतल्या एका दुपारी. ओट्यावर ऊन आलं होतं. ताई चटईवर पाय लांब करून तुरीच्या शेंगा सोलत होत्या आणि समोर पाण्याच्या तांब्याला मोबाईल टेकवून उभा केलेला. मी कुंपणाच्या फटीतून आत गेले, काही तरी मागायला, काय ते आठवत नाही. मोबाईलमध्ये आनेकेबाई बटाटे सोलत बसल्या होत्या. ताईंच्या सुपात दाणे पडत होते, पलीकडं पातेल्यात बटाटे. कोणी बोलत नव्हतं. मला वाटलं बोलणं संपेल तेव्हा विचारू, म्हणून उभी राहिले. बराच वेळ झाला.

"ताई, फोन चालू आहे का बंद?"

"चालू आहे ना."

"मग बोलून काऊन नाई राह्यल्या तुमी?"

"शेंगा सोलून राह्यलो ना," ताई म्हणाल्या.

पलीकडून आनेकेबाई मान वर न करता काहीतरी बोलल्या.

"काय म्हणते?"

"म्हणते, थे बाई उभी काऊन आहे? बसाले सांग."

"नाई, नाई, जाते मी, भाकरी व्हायच्या आहेत माझ्या," मी म्हटलं. ताईंनी ते तिला सांगितलं. तिनं बटाटा पातेल्यात टाकला, दुसरा घेतला, आणि पुन्हा तेच बोलली.

ताईंनी सूप माझ्या बाजूला सरकवलं. "बस बाई. तिसऱ्यांदा म्हणाले लावू नको तिले."

मी बसले, आणि शेंगा घेतल्या.